जुनी फियाट आणि तिचा तीन अक्षरी नंबर: घेण्याआधी काय तपासायचं, किती मोजायचं

वर्षानुवर्षं पडून असलेली फियाट विकणारा माणूस दोन वाक्यं हमखास ऐकवतो. ‘इंजिन फक्त जाम आहे, बाकी गाडी एकदम ओके’ आणि ‘नंबर बघा ना, तीन अक्षरी आहे, आता मिळत नाही असा’. दोन्ही खरी असू शकतात. पण घेणाऱ्याचे पैसे बुडतात ते सडलेल्या पत्र्यात आणि अर्धवट कागदांत, आणि या दोन्हींबद्दल विकणारा सहसा गप्प असतो. जाम इंजिन सुटतं, नाही सुटलं तर दुसरं बांधता येतं. तीन अक्षरी नंबरची (म्हणजे ‘एमएच’ पद्धत येण्याआधीच्या, तीन इंग्रजी अक्षरांनी सुरू होणाऱ्या जुन्या नंबरची) किंमत मात्र पूर्णपणे कागदांवर उभी असते. कागद जिवंत नसतील तर तो नंबर म्हणजे पत्र्यावर रंगवलेली अक्षरं, एवढंच.

इथे आपण फियाट ११०० आणि प्रीमियर पद्मिनी समोर ठेवून बोलू. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ सालची, कारखाना कुर्ल्याचा. पन्नाशीच्या दशकातली गोलमटोल ‘डुक्कर फियाट’, मग १९६४ची ११०० डिलाइट, पुढे प्रेसिडेंट आणि १९७४पासून पद्मिनी, असा हा वंश. महाराष्ट्रात पहिली जुनी गाडी नीट करायला घ्यायची तर हिच्याइतकी सोयीची दुसरी नाही. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांमुळे सुटे भाग अनेक वर्षं मुबलक बनले, तिचं इंजिन उघडलेले मिस्त्री अजून हयात आहेत, आणि यंत्र इतकं साधं आहे की घरच्या पान्यांनी बरंच काम होतं. अँबेसेडर घेणाऱ्यालाही खालचं जवळपास सगळं लागू पडतं.

गाडी बघायला निघण्याआधी: कागद

फोनवर पहिला प्रश्न हा विचारा: आरसी बुक मूळ आहे का, आणि ते कोणाच्या नावावर आहे? विकणारा आणि आरसीवरचा मालक एकच असेल तर अर्धी लढाई जिंकली. बहुतेक वेळा तसं नसतं. गाडी आजोबांच्या नावावर, आजोबा वारलेले, नातू विकतोय, असा प्रकार असतो. मृत मालकाची गाडी थेट तुमच्या नावावर करून घेण्याचा शॉर्टकट कोणी सुचवला तर तिथेच थांबा. आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर व्हायला हवी. त्यासाठी मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि बाकी वारसांची ना-हरकत लागते. मग फॉर्म २९ आणि ३० वर वारसाकडून तुमच्याकडे. चार भावंडांपैकी एक परदेशात असेल आणि त्याची सही मिळत नसेल, तर गाडी कितीही देखणी असली तरी ती आज विकण्याजोगी नाही.

दुसरा प्रश्न: मुदत कधी संपली? खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. अर्ज फॉर्म २५ वर होतो, गाडी आरटीओत नेऊन मोटार वाहन निरीक्षकाला दाखवावी लागते. ऑगस्ट २०२५मध्ये केंद्राने २० वर्षांहून जुन्या हलक्या मोटारींच्या नूतनीकरणाची फी १० हजार रुपये केली. आयात केलेल्या चारचाकीसाठी ती ८० हजार आहे. मुदत उलटल्यावर दर महिन्याला ५०० रुपयांची भर पडते ती वेगळी, शिवाय पर्यावरण कर, थर्ड पार्टी विमा आणि पीयूसी. गाडी बारा-पंधरा वर्षं तशीच पडून असेल तर व्यवहार ठरवण्याआधी संबंधित आरटीओत जाऊन एकूण आकडा काढून घ्या. हा आकडा विकणाऱ्याच्या किमतीतून वजा करायचा असतो, नंतर आपल्या खिशातून भरायचा नसतो.

तिसरी अडचण खास जुन्या गाड्यांची. साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या असंख्य गाड्या आरटीओच्या हस्तलिखित रजिस्टरांत आहेत, ‘वाहन’ या संगणकीय नोंदणीत नाहीत. ऑनलाइन नंबर टाकला आणि काहीच आलं नाही, म्हणजे गाडी बोगस आहे असं नव्हे. पण अशा गाडीचं नूतनीकरण, नावबदल, नवी नंबरप्लेट यातलं काहीही होण्याआधी जुन्या रजिस्टरवरून तिची ‘बॅकलॉग एंट्री’ करून घ्यावी लागते. रजिस्टरचं पान फाटलेलं असेल, आगीत किंवा पुरात गेलं असेल, तर मूळ आरसी, जुन्या कर-पावत्या, विम्याचे जुने कागद यांच्या जोरावर भांडावं लागतं. म्हणून मळकट झालेली १९७८ची कर-पावतीसुद्धा मागून घ्या. विकणाऱ्याला ती रद्दी वाटते, पण गाडीची अखंड ओळख दाखवणारा तो पुरावा आहे. शक्य असेल तर बॅकलॉग एंट्री विकणाऱ्यालाच करायला लावा. ती झाल्यावरच पूर्ण पैसे द्या, तोपर्यंत फक्त बयाणा.

कर्जाची नोंद आरसीवर अजून आहे का तेही बघा. चाळीस वर्षांपूर्वीचं कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण नोंद उडवायला फॉर्म ३५ वर बँकेची सही लागते आणि ती बँक दुसरीत विलीन झालेली असते. काम होतं, वेळ जातो. चोरीच्या गाड्यांची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेवर तपासता येते, तीही तपासा.

आणि एक सावधगिरी विशेष करून सांगायला हवी. ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी हद्दपार झाली. शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ची होती आणि टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. अशी टॅक्सी स्वस्तात दिसली की मोह होतो. पण तिची नोंदणी व्यावसायिक होती, मुदत संपलेली आहे. अंगणात ठेवायला, हॉटेलच्या दारात सजवायला ती छान. रस्त्यावर चालवायला म्हणून घेऊ नका. ज्या गाडीची नोंदणी भंगारात काढताना रद्द झाली आहे तिचंही तसंच. ती सुट्या भागांसाठी घ्या, भागांचाच भाव द्या. तिचा चॅसिस नंबर कापून दुसऱ्या गाडीला जोडण्याची ‘सोय’ कोणी सांगितली तर तो सरळ गुन्हा आहे.

प्रत्यक्ष बघताना: आधी पत्रा

पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चॅसिस नाही. पत्र्याचा सांगाडा हीच तिची चॅसिस. त्यामुळे अँबेसेडर किंवा फियाटचा फ्लोअर सडला म्हणजे केवळ खाली भोक पडलं असं नाही, गाडीचा कणा गेला. आणि हे वरून कळत नाही, कारण लांबी (पुट्टी) भरून रंग मारला की सडकी गाडीही लग्नाच्या वरातीला शोभेल अशी दिसते.

सोबत एक साधं लोहचुंबक, पातळ फडकं, टॉर्च, जाड स्क्रू ड्रायव्हर आणि जॅक न्या. चुंबक फडक्यात गुंडाळून (रंग ओरखडू नये म्हणून) दरवाजांच्या खालच्या कडा, मडगार्डच्या चाकाभोवतीच्या कमानी, हेडलाइटच्या भोवती फिरवा. जिथे पकड ढिली पडते तिथे खाली पुट्टी आहे. मग रबरी मॅट उचला. ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर, डिक्कीतली स्टेपनीची खोबण, बॅटरीखालचा ट्रे (ॲसिडने खाल्लेला), पुढच्या काचेचे खालचे दोन कोपरे, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) जिथे बॉडीला अडकतात ते हँगर. हँगरच्या आसपासचा पत्रा स्क्रू ड्रायव्हरने दाबून बघा. टोक आत गेलं तर ती गाडी मोठ्या वेल्डिंगच्या कामाची आहे.

आता खरी परीक्षा. चारही दरवाजे लावा, बाजूचा जॅक लावून गाडी एका अंगाने उचला आणि दरवाजा उघडून पुन्हा लावा. उघडताना अडकला, किंवा दरवाजाभोवतीची फट वर अरुंद आणि खाली रुंद झाली, तर दरवाजाखालचा साइड मेंबर (सांगाड्याचा बाजूचा लांब आधार) आतून सडून पोकळ झालाय. जॅकचं टोकच पत्र्यात घुसलं तर बोलायलाच नको.

दुरुस्ती होते, पण पद्धतीने. साइड मेंबर कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी पाइप टाक्यांनी जोडून घ्यायचे. हे न करता कापलं तर बॉडी मधून खचते आणि मग चार दरवाजांपैकी एकही आयुष्यभर नीट लागत नाही. नवा तुकडा साइड मेंबरला १८ गेजचा, फ्लोअरला २० गेजचा (गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचं माप). वेल्डिंग एकसलग ओढायचं नाही. इंचभर इथे, मग इंचभर दूर तिकडे, म्हणजे पत्रा तापून लहरत नाही. जुन्या सडक्या पत्र्यावरच नवा पत्रा डकवून देणारे कारागीर खूप आहेत. दोन पत्र्यांच्या मध्ये ओल अडकते आणि दोन पावसाळ्यांत आतला गंज बाहेर येतो. सडलेलं कापून काढल्याशिवाय नवं जोडू देऊ नका. आणि उघडा पत्रा पावसाळ्यात ठेवू नका. मुंबई-कोकणच्या हवेत घासून चकचकीत केलेल्या पत्र्याला रातोरात तांबूस झाक येते. पत्र्याचं काम दिवाळीनंतर काढावं आणि घासलेल्या भागाला त्याच दिवशी प्राइमर मारावा.

नागपूर, सोलापूर, संभाजीनगरकडची कोरड्या हवेतली गाडी मिळाली तर पत्र्याच्या बाबतीत ती मुंबईच्या गाडीपेक्षा बरी असते. तिचं रबर, सीट आणि डॅशबोर्ड उन्हाने तडकलेले असतात, पण ते बदलणं वेल्डिंगपेक्षा कितीतरी स्वस्त.

बघताना काय तुटलंय यापेक्षा काय हरवलंय याची यादी करा. पिस्टन, बेअरिंग, क्लच प्लेट मिळतात. मूळ क्रोमची पट्टी, जाळी, मीटरचा पूर्ण डबा, मागच्या दिव्यांच्या काचा, दरवाजाची मूळ हँडलं हुडकण्यात महिने जातात. पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोर बाजार इथे फेऱ्या माराव्या लागतात. अँबेसेडरसाठी कोलकात्याच्या मलिक बाजारापर्यंत हात पोचवावा लागतो. पोचे पडलेली पण सगळी अंगं शाबूत असलेली गाडी केव्हाही चांगली.

मग इंजिन

पद्मिनीचं पेट्रोल इंजिन १०८९ सीसीचं, ६८ मिमी बोअर आणि ७५ मिमी स्ट्रोक. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनिअमचं. इथेच त्याचा एक दुबळा सांधा आहे. दोन धातू उष्णतेने वेगवेगळे प्रसरण पावतात, पाणी कमी पडून गाडी तापली की हेड वाकतं आणि गॅस्केट उडतं. ऑइल फिलरचं झाकण उघडून आत ताकासारखा पांढरट फेस दिसला तर पाणी ऑइलमध्ये शिरलंय. हेड उतरवल्यावर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांच्या मापाने) बघायचं. ०.१ मिमीचं पातं पट्टीखालून सरकलं तर फेसिंगला (मशीनवर सपाट करायला) पाठवायचं.

इंजिन जाम असेल तर गाडी ओढून गिअरमध्ये टाकून सोडवायचा प्रयत्न कधीही करू नका. रिंग तुटते, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि दोनशे रुपयांच्या तेलाने सुटलं असतं ते पूर्ण बांधणीवर जातं. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये २०-३० मिली डिझेल आणि एटीएफ ऑइल (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) समप्रमाणात ओता, चार-पाच दिवस मुरू द्या, मधूनमधून पुन्हा थोडं घाला. मग क्रँक पुलीच्या नटवर लांब पाना लावून हाताने पुढे-मागे हलकेच हलवा. केसभर हललं तरी सुटतं. सुटल्यावर लगेच स्टार्टर मारायचा नाही. टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, कार्ब्युरेटर धुवा, २०डब्ल्यू-५० ऑइल भरा, प्लग बाहेरच ठेवून ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत इंजिन फिरवा. त्याने बेअरिंगला तेल पोचतं. त्यानंतरच प्लग लावून चालू करा.

चालू इंजिनाची खरी स्थिती आवाजावरून नाही, कॉम्प्रेशन गेजवरून (सिलिंडरमधला दाब मोजणाऱ्या मीटरवरून) कळते. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडर मोजा. आकडा किती आला यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा, तो १५ टक्क्यांच्या आत हवा. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर रिंग-बोअर झिजलेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह बसत नाहीत. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत एकदम कमी आला तर त्यांच्या मधलं गॅस्केट गेलंय. बोअर आधी किती वेळा मारलाय (सिलिंडर आतून घासून मोठा केलाय) हे विचारा. शेवटच्या ओव्हरसाईजपर्यंत पोचलेल्या ब्लॉकला पुढच्या वेळी स्लीव्ह (आत बसवायची नवी नळी) बसवावी लागते, तो खर्च आजच मनात धरा.

पुढच्या चाकांचे किंगपिन (ज्यांच्याभोवती चाक वळतं ते खिळे) तपासायला चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खडखडलं तर किंगपिन-बुश बदलायचे. ब्रेक चारही ड्रम आहेत आणि बहुतेक जुन्या गाड्यांत हायड्रॉलिकचं एकच सर्किट असतं. म्हणजे एका चाकाचं सिलिंडर फुटलं की चारही ब्रेक जातात. म्हणून पडून राहिलेल्या गाडीत मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडरांचे किट आणि रबरी होज न बघता बदला, वरून चांगले दिसले तरी. इथे काटकसर करू नये, जिवाशी गाठ आहे.

आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबराच्या पेट्रोल-नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम त्याने फुगतात, भेगाळतात आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकतं. गाडी पेटण्याचं हे एक कारण आहे. नळ्या व्हिटॉनच्या (इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या) घाला. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, म्हणून महिनाभर गाडी निघणार नसेल तर कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवून बंद करा. इथेनॉलने मिश्रण पातळ होतं, गाडी ओढत नसेल आणि तापत असेल तर कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) एक नंबर मोठा घालून बघा. उलट फार जाड केलंत तर पीयूसीत अडकाल. इतक्या जुन्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे.

बदललेलं इंजिन आणि ‘व्हिंटेज’चा घोळ

अनेक पद्मिनींमध्ये पुढे ११८ एनई या प्रीमियरच्याच नंतरच्या मोटारीचं निसान इंजिन किंवा कुठलंसं डिझेल बसवलं गेलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे अशा बदलाला परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. नोंद नसेल तर नूतनीकरणाच्या वेळी निरीक्षक इंजिन नंबर पडताळतो आणि काम तिथेच थांबतं. चॅसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून उमटवलेली छाप आरसीशी अक्षर न अक्षर ताडून बघा. ३ चा ८ आणि १ चा ७ वाचल्याने झालेल्या जुन्या लेखनचुका खूप सापडतात. त्या दुरुस्त होतात, पण विकणाऱ्याच्या नावावर असतानाच करून घ्या.

‘व्हिंटेज करून टाकू, मग काही कटकट नाही’ असं एजंट म्हणतो. जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात राखलेली, चॅसिस-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी. नव्या नोंदणीची फी २० हजार, ती दहा वर्षं चालते. पुनर्नोंदणीची ५ हजार, पाच वर्षांसाठी. म्हणजे पहिल्या वर्षातली, १९७४ची पद्मिनी २०२४मध्ये पात्र झाली, १९८५ची २०३५मध्ये होईल. आणि मुख्य अट अशी की व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तिथे जाणं-येणं, इंधन, देखभाल एवढ्यासाठीच. रविवारी सकाळी कुटुंबाला घेऊन सिंहगडाकडे जायचं स्वप्न असेल तर व्हिंटेज नोंदणी तुमच्यासाठी नाही, साधं पाच वर्षांचं नूतनीकरणच बरं.

आता नंबर: किती किंमत, कोणासाठी

१ जुलै १९८९ला नवा मोटार वाहन कायदा लागू झाला आणि एमएच, मग आरटीओचा आकडा अशी पद्धत आली. त्याआधी महाराष्ट्रात एम अक्षराने सुरू होणारे तीन अक्षरी नंबर असत, गोव्यात जीडीने सुरू होणारे. हे जुने नंबर आजही वैध आहेत, एमएचमध्ये बदलून घ्यायची सक्ती नाही. असा नंबर आता नव्याने कोणालाच मिळणार नाही आणि तो त्या गाडीच्या जन्माबरोबर आलेला आहे, यातच त्याचं मोल. जाणकार गिऱ्हाईक मूळ नंबर, जुळणारे चॅसिस-इंजिन नंबर आणि जिवंत कागद असलेल्या गाडीला जास्त पैसे देतो, कारण हे सगळं मिळून गाडीचा अखंड इतिहास सिद्ध होतो.

पण हा नंबर गाडीपासून सोडवून विकण्याची मालमत्ता नाही. ब्रिटनमध्ये तशी आहे, आणि तिथल्या मराठी मंडळींनी इथला हिशोब तिथे किंवा तिथला इथे लावू नये. ब्रिटनमध्ये डीव्हीएलए ही सरकारी यंत्रणा १९८९पासून नंबर विकते, ८० पौंड भरून नंबर गाडीवरून काढून स्वतःकडे राखता येतो, पुढे विकता येतो. २०१४मध्ये ‘२५ ओ’ हा नंबर फी-करांसह ५,१८,४८० पौंडांना गेला. त्यामुळे तिथे लोक कुजलेली गाडी केवळ नंबरसाठी घेऊ लागले. ते रोखायला गाडी तपासणीला उभी करता येईल अशा स्थितीत हवी, अशी अट आहे. तिथे जुनी गाडी घेताना उलटा प्रश्न विचारावा लागतो: हिचा मूळ नंबर हिच्यावरच आहे का, की तो केव्हाच विकून दुसरा लावलाय?

आपल्याकडे नंबर राखायचा तर गाडी राज्यातच घ्या. पुण्याची गाडी नागपूरला नेली, मालक बदलला, तरी नंबर तोच राहतो. दुसऱ्या राज्यातली आणली, १२ महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवली, तर कलम ४७ प्रमाणे नवा एमएच नंबर घ्यावा लागतो आणि तिचा जुना तीन अक्षरी नंबर जातो. कोलकात्याहून आणलेल्या गाडीच्या नंबरसाठी वेगळे पैसे मोजणं म्हणूनच व्यर्थ.

पसंती क्रमांकाचा, म्हणजे जादा फी भरून निवडून घेतलेल्या नंबरचा बाजार याहून निराळा. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२४च्या वाढीनंतर चारचाकीच्या ०००१ ची फी ५ लाख रुपये झाली, मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत ६ लाख. चालू मालिकेबाहेरून हवा असेल तर तिप्पट. २०२५मध्ये केरळात ‘केएल ०७ डीजी ०००७’ ४५.९९ लाखांना गेला. त्याच वर्षी हरियाणात एका नंबरवर १.१७ कोटींची बोली लागली, पण बोली लावणाऱ्याने पैसे भरलेच नाहीत. हे पैसे सरकारच्या तिजोरीत जातात. नंबर पती-पत्नी किंवा मुलांच्या नावावर करण्याची सोय त्याच २०२४च्या बदलात आली, पण बाहेरच्याला नफ्याने विकायची सोय नाही. म्हणून हौस असेल तर घ्या, गुंतवणूक म्हणून नको. जुन्या मोटारीला एखाद्या पूर्वीच्या मालकाने ७८६ किंवा ९९९ घेतलेला असेल तर तो आकडा आवडणाऱ्या गिऱ्हाइकाला दोन पैसे जास्त मोजावेसे वाटतील, इतकंच त्याचं मोल.

मराठी माणसाला आकड्यांत अक्षरं दिसतात हे खरं आणि गोडही आहे. ४१४१ मध्ये ‘दादा’, २१४ मध्ये ‘राम’. पण नियमाप्रमाणे पाटीवर इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच लागतात, मोटारीला उंची ६५ मिमी, जाडी १० मिमी, अंतर १० मिमी. आकडे वळवून त्यांचं नाव केलं की दंड होतो, आणि आता कारखान्यातूनच ठोकून येणाऱ्या हाय सिक्युरिटी प्लेटवर तशी कलाकुसर शक्यही नाही. एप्रिल २०१९आधीच्या गाड्यांनाही ही पाटी बंधनकारक आहे, महाराष्ट्रात चारचाकीचा दर ७४५ रुपये अधिक जीएसटी. ती बुक करायला नंबर ‘वाहन’मध्ये असावा लागतो, म्हणून बॅकलॉग एंट्री इथेही पहिली पायरी. पाटी ५०० × १२० आणि ३४० × २०० मिमी अशा दोन मापांत येते, बंपरवरची आणि डिक्कीखालची जागा मोजूनच माप निवडा, म्हणजे जुन्या पत्र्याला नवी भोकं पाडावी लागणार नाहीत.

नंबरसह गाडीची किंमत ठरवायची वेळ आली की असं करा: नीट केलेली, कागद पूर्ण असलेली, साध्या एमएच नंबरची तशीच गाडी कितीला जाते ते पाचसहा ठिकाणी विचारा. त्यातून नूतनीकरणाचा खर्च, हरवलेल्या भागांचा अंदाज आणि वेल्डिंगचं कोटेशन वजा करा, आणि न दिसलेल्या कामासाठी एकूण दुरुस्तीच्या एक-तृतीयांश रक्कम आणखी वजा करा. पत्रा उघडल्यावर काम नेहमी वाढतंच. तीन अक्षरी नंबरसाठी वर काही द्यायचं ते कागद पूर्ण जिवंत असतील तरच, आणि नावबदल होऊन आरसी हातात आल्यावरच. मूळ काळी पाटी, हाताने रंगवलेल्या पांढऱ्या अक्षरांची, बहुधा डिक्कीत किंवा माळ्यावर पडलेली असते. रस्त्यावर ती लावता येत नाही, पण तीही व्यवहारात मागून घ्या, गंजावर पातळ तेलाचा हात फिरवा, कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. प्रदर्शनात गाडी उभी केली की नव्या पाटीशेजारी ती मांडायची.